एका अध्यक्षानं राखलेली जमीन दुसऱ्या अध्यक्षाला मोकळी करता येते का?

जुनिपर

अमेरिकेतल्या सरकारी जमिनींबद्दल इथं आजवर फारशी चर्चा झालेली दिसली नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मी युटामध्ये राहते. इथं हा विषय निवडणुकीच्या सभांपासून शाळेच्या पालकसभेपर्यंत सगळीकडे निघतो आणि बहुतेक वेळा भांडणावर संपतो.

थोडक्यात पार्श्वभूमी. १९०६ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी अँटिक्विटीज ॲक्टवर सही केली. कायदा अगदी छोटा आहे. संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवर ऐतिहासिक किंवा शास्त्रीय महत्त्वाचं काही असेल, तर राष्ट्राध्यक्ष घोषणापत्र काढून ती जागा 'नॅशनल मॉन्युमेंट' म्हणून राखून ठेवू शकतात. त्यासाठी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, मतदान लागत नाही. अट एकच, जागा संरक्षणासाठी लागेल तेवढीच, कमीत कमी घ्यायची.

आता बेअर्स इअर्सचं उदाहरण घ्या. २८ डिसेंबर २०१६ रोजी ओबामांनी आग्नेय युटातली सुमारे साडेतेरा लाख एकर जमीन राखली. म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण नऊपट. वर्षही पुरं होत नाही तोच, ४ डिसेंबर २०१७ला ट्रम्प सॉल्ट लेक सिटीत आले आणि त्यातली ८५ टक्के जमीन त्यांनी वगळली. शेजारच्या ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटेचा जवळपास निम्मा भाग गेला. ऑक्टोबर २०२१मध्ये बायडन यांनी दोन्ही पूर्ववत केल्या. मग युटा सरकार कोर्टात गेलं.

माझा प्रश्न: कायद्यानं राखण्याचा अधिकार दिला आहे. त्यातच काढून घेण्याचा अधिकारही आला का? माझं मत स्पष्ट आहे, आला नाही. तुम्हाला काय वाटतं?

पाऊलवाट

महत्त्वाचा विषय. वाचतोय, येऊ द्या.

गावठाण

माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. मुळात युटातली जमीन दिल्लीची... म्हणजे वॉशिंग्टनची कशी? आपल्याकडे जमीन हा राज्याचा विषय. तिथं सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

जुनिपर

@गावठाण, सातबारा असता तर त्यावर 'अमेरिकेची संयुक्त संस्थानं' असंच नाव निघालं असतं. १८४८च्या तहात मेक्सिकोकडून हा सगळा मुलूख संघराज्याला मिळाला, तेव्हा युटा नावाचं राज्यच नव्हतं. १८९६ साली राज्य झालं ते एक अट मान्य करून: कुणाच्या नावावर नसलेल्या सार्वजनिक जमिनीवरचा हक्क आम्ही कायमचा सोडतो. राज्यघटनेच्या चौथ्या कलमानुसार या जमिनीबाबत नियम करण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. देशभरात अशी सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. नेवाडाची जवळजवळ ८० टक्के आणि युटाची साठ टक्क्यांहून जास्त जमीन यात मोडते.

२०२४मध्ये युटानं यातल्या सुमारे १.८५ कोटी एकरांवरच दावा ठोकला आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५मध्ये न्यायालयानं तो दावा दाखल करून घ्यायलाच नकार दिला.

आणि मेक्सिकोच्याही आधी ही भूमी कुणाची होती, हा प्रश्न उरतोच. त्यावर कुणीतरी लिहावं अशी इच्छा आहे.

दिवाणी_दावा

वकिलीच्या पेशात असल्यानं राहवत नाही. दोन निकाल प्रत्येकानं वाचावेत असे आहेत.

पहिला कॅमेरॉन खटला, १९२०. रूझवेल्टनी १९०८मध्ये ग्रँड कॅन्यनची आठ लाख एकरांहून जास्त जागा राखली. राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थांनी दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवर खाणींचे दावे लावून ठेवले होते. खाणीतून फारसं काही निघत नव्हतं, पण मोक्याच्या जागा हातात होत्या आणि वाटेवर स्वारामागे एक डॉलर टोल घेणं चालू होतं. कोर्टात त्यांचं म्हणणं असं की ही राखणच बेकायदा आहे, पुरावस्तूंच्या कायद्यात अख्खी दरी कशी बसते? सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की बसते, कारण कॅन्यन ही स्वतःच शास्त्रीय महत्त्वाची गोष्ट आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी कॅमेरॉन ॲरिझोनातून सिनेटवर निवडून आले.

दुसरा कॅपर्ट खटला, १९७६. हा तर मला फारच आवडतो. नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिल्स होल नावाचं एक कपारीतलं कुंड आहे. खोली किती ते अजून कुणाला पुरतं मोजता आलेलं नाही, पण तोंडाशी एका बाजूला घरातल्या एखाद्या खोलीएवढा खडकाचा कट्टा आहे आणि त्यावर जेमतेम फूटभर पाणी. पाणी कोमट, ३३ अंशांच्या आसपास. या कट्ट्यावरच्या शेवाळावर जगणारा आणि तिथंच अंडी घालणारा इंचभराचा निळसर पपफिश जगात दुसरीकडे कुठेही निसर्गात सापडत नाही. ट्रुमन यांनी १९५२मध्ये ही ४० एकर जागा डेथ व्हॅली मॉन्युमेंटला जोडली. पुढे जवळच्या रँचनं विहिरींतून उपसा सुरू केला, कुंडाची पातळी खाली जाऊ लागली आणि कट्टा उघडा पडायला लागला. न्यायालयानं पुन्हा एकमतानं निकाल दिला: जागा राखली तेव्हाच त्या माशाला जगवण्याइतकं पाणीही राखलं गेलं. उपशावर मर्यादा आली.

तात्पर्य, राखण्याच्या अधिकाराला आव्हान देणाऱ्यांच्या पदरी सर्वोच्च न्यायालयात आजवर निराशाच पडली आहे.

चिंचगुळ

इंचभर माशासाठी विहिरींचा उपसा थांबवला! आमच्या तालुक्यात हा निकाल वाचून दाखवला तर लोक टँकरखाली झोपतील.

दिवाणी_दावा

@चिंचगुळ, तिथंही लोक असेच खवळले होते. गाड्यांच्या मागं 'पपफिश मारा' आणि 'पपफिश वाचवा' अशा दोन्ही चिकटपट्ट्या फिरत होत्या. मासा मात्र अजून टिकून आहे. २०१३मध्ये मोजणीत फक्त ३५ उरले होते, त्यातूनही सावरला.

सातपुडा

ब्राइट एंजलनं आम्ही सगळे उतरलो होतो, सासूबाईंसकट. ज्या जागेवरून कॅमेरॉनशी भांडण झालं त्यात मधला झऱ्याचा मुक्काम होता. जुनं नाव इंडियन गार्डन, २०२२पासून हवासुपाई गार्डन्स. कॉटनवुडची दाट सावली, नळाला पाणी आणि वरून येणारी खेचरं. आज तिथं पाणी फुकट मिळतं, पैसे मागायला कुणी उभं नसतं. सार्वजनिक जमीन म्हणजे काय ते मला तिथं कळलं. त्यामुळे मी पूर्णपणे जुनिपर यांच्या बाजूनं.

कोरडवाहू

सगळे एकाच बाजूनं बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी बरीच वर्षं दक्षिण युटा आणि नेवाडातल्या छोट्या गावांमध्ये कामानिमित्त राहिलो आहे.

१९९६च्या सप्टेंबरात क्लिंटननी ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे जाहीर केलं, १७ लाख एकर. जमीन युटाची आणि सही केली शेजारच्या ॲरिझोनात, ग्रँड कॅन्यनच्या काठावर. युटाच्या लोकप्रतिनिधींना अगदी शेवटपर्यंत धड सांगितलंही नव्हतं. ज्या गावांना कैपारोवित्स पठारावरच्या कोळशाच्या खाणीतून रोजगाराची आशा होती, त्यांना ती गेल्याचं टीव्हीवरून कळलं. निवडणुकीला दोन महिने राहिले होते. लोकांच्या मनातला हा राग तीस वर्षांनंतरही गेलेला नाही आणि मला तो खोटा वाटत नाही.

शिवाय कायद्यात 'कमीत कमी जागा' असं लिहिलं आहे. १७ लाख एकर कमीत कमी? सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २०२१मध्ये न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडच्या सागरी मॉन्युमेंटच्या प्रकरणात हाच मुद्दा काढला. लॉबस्टर पकडणाऱ्यांची याचिका न्यायालयानं घेतली नाही, पण त्यांनी स्वतंत्र टिपण जोडून लिहिलं की या अटीला आता काही अर्थच उरलेला दिसत नाही आणि योग्य प्रकरण आलं तर तपासायला हवं. एका माणसाच्या सहीवर एवढा मुलूख बंद होत असेल, तर ती सही कुणीतरी तपासलीच पाहिजे.

आंबेमोहर

कोरडवाहू, प्रतिसाद आवडला. असहमत आहे, पण आवडला.

जुनिपर

@कोरडवाहू, १९९६ची पद्धत चुकीची होती हे मलाही मान्य. पण 'मुलूख बंद झाला' हे पटत नाही. बेअर्स इअर्समध्ये चराईचे परवाने चालू आहेत, शिकार चालू आहे, सरपणाला लाकूड नेता येतं. थांबतं ते मुख्यतः नवीन खाणींचे दावे आणि तेल-वायूचे नवे पट्टे. ब्लँडिंगजवळ व्हाइट मेसाला युरेनियमची गिरणी आहे, आणि तिच्याच शेजारी यूट लोकांची वस्ती. २०१७च्या कपातीच्या वेळी युरेनियम कंपनीनं सरकारदरबारी वजन वापरलं होतं, ते तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं.

मॉन्युमेंटमुळे शाळांचं उत्पन्न बुडतं असाही आक्षेप इथं घेतला जातो, आणि त्यात खरोखर अडचण होती. युटाला राज्य होताना शाळांच्या खर्चासाठी प्रत्येक टाउनशिपमध्ये (म्हणजे जमीन मोजणीतल्या चौकोनी गटात) ठरावीक तुकडे दिलेले होते. मॉन्युमेंटच्या पोटात सापडलेल्या अशा तुकड्यांचं उत्पन्न अडकलं. पण १९९८मध्ये काँग्रेसनं कायदा करून एस्कलांटेतले तुकडे बदलून दुसरीकडे जमीन आणि वर ५ कोटी डॉलर दिले. बेअर्स इअर्ससाठी अशीच अदलाबदल ठरत आली होती, तर २०२४मध्ये युटानंच माघार घेतली. मुलांच्या शाळेच्या नावानं ओरडायचं आणि समोर आलेला व्यवहार मोडायचा, याची मला चीड येते. माझी मुलं याच शाळांत जातात.

घाटमाथा

वायोमिंगची गोष्ट कुणी काढली नाही अजून! १९४३मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टनी जॅक्सन होल मॉन्युमेंट केलं. त्यातली बरीच जमीन रॉकफेलरनी गुपचूप विकत घेऊन सरकारला द्यायची ठेवली होती. गुराखी इतके संतापले की वॉलेस बिअरी नावाच्या हॉलिवूडच्या नटाला पुढं घालून, बंदुका घेऊन, त्यांनी पाचशेच्या वर गुरं मॉन्युमेंटमधून हाकत नेली. अडवायला कुणी आलं नाही. राज्य कोर्टात गेलं आणि हरलं. काँग्रेसनं मॉन्युमेंट रद्द करण्याचं विधेयक मंजूर केलं, ते रूझवेल्टनी अडवलं.

शेवटी १९५०मध्ये तडजोड झाली. ती जागा ग्रँड टेटन नॅशनल पार्कात गेली आणि त्या बदल्यात वायोमिंगमध्ये काँग्रेसच्या संमतीशिवाय नवं मॉन्युमेंट करायचं नाही असं ठरलं. अलास्कातही तसंच. कार्टरनी १९७८मध्ये एका झटक्यात ५.६ कोटी एकर राखले, १९८०मध्ये काँग्रेसनं मोठा कायदा करून बहुतेक जमिनीला कायमचं संरक्षण दिलं आणि पुढच्या अध्यक्षांचे हात बांधले. तिथं आता ५,००० एकरांच्या वर जायचं असेल तर काँग्रेसकडे जावं लागतं.

कोरडवाहू म्हणतात तसा सहीवर वचक असायलाच हवा. पण तो काँग्रेसनं ठेवायचा असतो आणि तिनं दोनदा ठेवलाही आहे. पुढच्या अध्यक्षानं मागच्याचं पुसणं हा वचक नव्हे.

पाऊलवाट

आज तेच जॅक्सन होल पर्यटनावर गब्बर झालं आहे, हेही लिहा. आम्ही गेलो तेव्हा साधी खोलीही परवडली नाही.

दिवाणी_दावा

आता मूळ प्रश्नाकडे. राखलेलं काढून घेता येतं का, यावर सर्वोच्च न्यायालयानं आजवर निकाल दिलेला नाही. हातात आहेत ती सरकारी वकिलांची मतं, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

१९३८मध्ये चार्ल्सटनच्या बंदरातला कॅसल पिंकनी हा छोटा किल्ला मॉन्युमेंटच्या यादीतून काढावा का, असा प्रश्न आला. ॲटर्नी जनरल कमिंग्ज यांनी लिहून दिलं की अध्यक्षांना मॉन्युमेंट रद्द करता येत नाही, कारण कायद्यात तसा अधिकार दिलेला नाही. शेवटी ते काम काँग्रेसनं केलं. हे मत ८७ वर्षं टिकलं. मे २०२५मध्ये न्याय विभागानं नवं मत दिलं की कमिंग्ज चुकले होते, अध्यक्ष पूर्ण मॉन्युमेंटही रद्द करू शकतात. निमित्त होतं बायडन यांनी जाता जाता केलेल्या कॅलिफोर्नियातल्या चकवाला आणि साटीटला या दोन जागांचं.

२०१७च्या कपातीविरुद्ध होपी आणि इतर जमातींनी वॉशिंग्टनमध्ये खटला भरला होता. बायडन आले, जमीन परत राखली गेली आणि खटला निकालाविना राहिला. समुद्राच्या बाबतीत मात्र एक निकाल आहे. ओबामांनी आर्क्टिकमधला समुद्र तेल-उत्खननातून वगळला होता, ट्रम्पनी तो परत खुला केला. मार्च २०१९मध्ये अलास्कातल्या न्यायाधीश ग्लिसन यांनी सांगितलं की कायदा वगळण्याचा अधिकार देतो, वगळलेलं परत आणण्याचा देत नाही. कायदा वेगळा, पण घडण तीच. अपिलात तोही निकाल निरर्थक झाला म्हणून बाजूला ठेवला गेला, कारण तोवर अध्यक्ष बदलले होते.

माझ्या मते हे बक्षीसपत्रासारखं आहे. बक्षीस देण्याचा अधिकार असलेल्या माणसाला ते मनात येईल तेव्हा परत घेता येत नाही, तसं कलम आधीच लिहिलेलं असावं लागतं.

कोरडवाहू

वकीलसाहेब, बक्षीसपत्रात मालक स्वतःचं देतो. इथं अध्यक्ष मालकच नाहीत, मालक काँग्रेस आहे. आणि काँग्रेस गप्प बसली तर त्याला संमती समजायची, हे सर्वोच्च न्यायालयानंच १९१५च्या मिडवेस्ट ऑइल खटल्यात म्हटलं आहे. टाफ्टनी कायद्याचा स्पष्ट आधार नसताना तेलाच्या जमिनी राखल्या होत्या आणि न्यायालयानं वहिवाट बघून ते चालवून घेतलं. त्याच १९१५मध्ये विल्सननी माउंट ऑलिंपस मॉन्युमेंट जवळपास निम्मं केलं, लाकडासाठी. केनेडींनी १९६३मध्ये बँडेलियरचा काही भाग वगळला. काँग्रेस गप्पच होती. मग छाटण्याचीही वहिवाट झाली की!

दिवाणी_दावा

मुद्दा बिनतोड वाटतो, पण १९७६नंतर नाही. त्या साली काँग्रेसनं सार्वजनिक जमिनींचा मोठा कायदा केला, मिडवेस्ट ऑइलवर उभा असलेला अध्यक्षांचा गृहीत अधिकार त्यात नाव घेऊन रद्द केला आणि या जमिनी सांभाळणाऱ्या इंटीरियर खात्याच्या मंत्र्याला मॉन्युमेंटमध्ये फेरफार करायची किंवा ते रद्द करायची स्पष्ट मनाई केली. समितीच्या अहवालात हा अधिकार काँग्रेसनं स्वतःकडे ठेवल्याचं म्हटलं आहे. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: मनाई मंत्र्याला आहे, अध्यक्षांना नाही. खरी लढाई या एका वाक्यावर होणार.

गावठाण

आपल्याकडे कुठं ठीक आहे? माळढोक अभयारण्य घ्या. १९७९मध्ये सोलापूर आणि नगर मिळून जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर जाहीर केलं. त्यात गावं, शेतं, करमाळ्यासारखी शहरं, सगळंच आलं. लोकांना स्वतःच्या शेताची खरेदी-विक्री करणं मुश्कील झालं. शेवटी ते सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. नान्नजच्या गवताळ माळावर मी लहानपणी माळढोक बघितला आहे, तुऱ्यासकट, रुबाबात चालणारा. आता तिथं काळवीट दिसतात, माळढोक दिसायची आशा लोकांनी सोडली आहे. सुरुवातीला वास्तवाकडे न बघता रेघ मारली की नंतर ती पुसायला सगळेच तयार असतात.

दिवाणी_दावा

एक फरक नोंदवतो. आपल्या वन्यजीव कायद्यात अभयारण्याची हद्द बदलायची तर कुणाला विचारायचं ते लिहिलेलं आहे. १९९१च्या दुरुस्तीनुसार विधानमंडळाचा ठराव लागायचा, आता राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. अमेरिकेच्या १९०६च्या कायद्यात याबद्दल चकार शब्द नाही. सगळं भांडण त्या मौनातून आलं आहे.

चिंचगुळ

म्हणजे कायदा लिहिताना दोन ओळी वाचवल्या आणि शंभर वर्षं वकिलांची सोय झाली.

सांजभूल

जुनिपर यांनी वर इच्छा व्यक्त केली होती, म्हणून लिहिते. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी होते आणि काही काळ बेअर्स इअर्समधल्या सीडर मेसा पठारावर काम केलं आहे.

हा कायदा झालाच लुटीमुळे. १८९१मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशोल्ड हा तरुण स्वीडिश संशोधक मेसा व्हर्डेतून पुरातन वस्तू आणि मानवी अवशेष गाड्या भरून घेऊन निघाला. कोलोरॅडोत त्याला पकडलं, पण त्याच्यावर लावायला कायदाच नव्हता. सगळा संग्रह फिनलंडला गेला. त्यातले मानवी अवशेष २०२०मध्ये परत आले आणि त्यांचं पुन्हा दफन झालं.

सीडर मेसाच्या कपारींमध्ये दगडमातीच्या खोल्या आहेत, धान्याची कोठारं आहेत. दगडांच्या सांध्यातली माती हातानं थापलेली, आणि तिच्यात बोटांचे ठसे अजून दिसतात. काही ठसे लहान आहेत, बायकांचे किंवा मुलांचे. कोठारांत मक्याची कणसं पडलेली असतात, आपल्या करंगळीएवढी. होपी, झुनी आणि इतर प्वेब्लो लोक त्यांना अवशेष म्हणत नाहीत, पूर्वजांचं घर म्हणतात. नवाहोंचे आणि यूट लोकांचे विधी, औषधी वनस्पती आणि सरपण तिथलंच. होपी, झुनी, नवाहो आणि दोन यूट जमाती अशा पाच जणांनी एकत्र येऊन ओबामांकडे ही मागणी केली होती. जमातींनी स्वतः पुढाकार घेऊन मागितलेलं आणि त्यांना व्यवस्थापनात वाटा देणारं असं मॉन्युमेंट आधी झालं नव्हतं.

कोरडवाहू, तुम्ही 'स्थानिक' म्हणता तेव्हा या लोकांनाही मोजा. बेअर्स इअर्स ज्या सॅन वान काउंटीत (जिल्ह्यात) आहे, तिथं निम्मी वस्ती मूलनिवासींची आहे. आणि 'कमीत कमी जागा' ठरवताना एकेका भिंतीभोवती कुंपण घालून चालत नाही. कोठार कपारीत आहे, मक्याचं शेत वर पठारावर होतं, पाणी खालच्या ओढ्यात, शिकारीची वाट तिसरीकडे. यातलं काय वगळायचं?

कोरडवाहू

@सांजभूल, मोजतो, आणि तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. तरीही माझं म्हणणं कायम आहे. एवढं मोलाचं असेल तर काँग्रेसनं कायदा करून राखावं, दर चार वर्षांनी बदलणाऱ्या सहीवर सोडू नये.

आंबेमोहर

काँग्रेसची वाट बघत बसलं असतं तर ग्रँड कॅन्यन कॅमेरॉनच्याच हातात राहिलं असतं. नॅशनल पार्क व्हायला १९१९ उजाडलं.

जुनिपर

युटाच्या खटल्याची सद्यस्थिती विचारणारे दोन निरोप आले, म्हणून इथंच लिहिते. ऑगस्ट २०२३मध्ये जिल्हा न्यायाधीश नफर यांनी दावा फेटाळला. अध्यक्षांच्या घोषणापत्राची अशी तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असं कारण दिलं. युटानं त्यावर अपील केलं. लक्षात घ्या, त्या खटल्यात प्रश्न राखण्याचा आहे. काढून घेण्याचा प्रश्न न्यायालयात यायला आधी कुणीतरी पुन्हा काढून घ्यावं लागेल, आणि मग जमातींना तोच खटला पहिल्यापासून लढावा लागेल. काँग्रेसनं कायदा करावा ही कोरडवाहूंची मागणी मला मान्य आहे. तोवर सही राखणाऱ्याच्या बाजूनं वाचली जावी, एवढंच माझं म्हणणं.

सातपुडा

एक व्यावहारिक प्रश्न. एप्रिलमध्ये सीडर मेसाला जायचं ठरतंय. परवाना लागतो का?

सांजभूल

@सातपुडा, लागतो. दिवसभराच्या चालीचा परवाना वाटेच्या तोंडाशीच मिळतो, मुक्कामाचा आधी काढावा लागतो. रस्ता क्रमांक २६१वर केन गल्चचं ठाणं वसंतात उघडं असतं, तिथं थांबून ओढ्यांना पाणी आहे का ते विचारून घ्या. सासूबाई येणार असतील तर म्यूल कॅन्यनची वाट सोपी आहे.